अपघातानंतर लगेच मिळणारे पैसे : सही करण्याआधीचं गणित



शेकडेवारी आणि गुणाकार आपण वर्गात रोज शिकवतो. घरात कुणाचा अपघात झाला तर हेच गणित किती कामाला येतं, ते आज समजून घेऊ.

दुसऱ्या गाडीनं मोटारसायकलला धडक दिली. जखमी माणूस दवाखान्यात आहे, बिल वाढतंय. अशा वेळी त्या गाडीच्या विमा कंपनीकडून रोख रकमेचा प्रस्ताव येतो. नड असतेच. घरचे म्हणतात, "घेऊन टाका, कोर्टाच्या चकरा कोण मारणार?"

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. आता दोन वाटा आहेत.

१) कलम १६४ : चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यू झाल्यास ५ लाख रुपये. रक्कम ठरलेली.

२) कलम १६६ : मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज. समोरच्याची चूक दाखवावी लागते, पण भरपाई प्रत्यक्ष नुकसानीप्रमाणे मिळते.

लक्षात ठेवा, कलम १६४ ची रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा अर्ज संपुष्टात येतो. म्हणजे दोन्ही हातांत लाडू नाहीत!

उदाहरण सोडवू

गवंडीकाम करणारा माणूस, वय ३२, महिन्याची कमाई १५,००० रुपये. पायात कायमचा दोष राहिला आणि कमाईची क्षमता ३०% घटली असं धरू.

वर्षाची कमाई : १५,००० × १२ = १,८०,०००
वर्षाचं नुकसान : ३०% = ५४,०००
सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालातील तक्त्यानुसार ३१ ते ३५ वयाला गुणक १६.
५४,००० × १६ = ८,६४,०००

दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, पुढची शस्त्रक्रिया आणि वेदनांची भरपाई यात धरलेलीच नाही. आता अडीच लाखांशी तुलना करा.

एक बारकावा आहे. पायाचं अपंगत्व आणि कमाईतली घट हे दोन आकडे वेगळे असतात. तोच पाय टेबलावर काम करणाऱ्या कारकुनाचा असता तर कमाई कमी घटली असती. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात न्यायालयानं हेच समजावलं आहे.

मग प्रस्ताव नाकारायचाच का?

तसं नाही. समोरच्याची चूक सिद्ध करणं अवघड असेल, तर कलम १६४ मोठा आधार आहे. पण हाड जुळलं का, रॉड काढावा लागेल का, हे पहिल्या महिन्यात कळत नाही. म्हणून डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय "पूर्ण व अंतिम" लिहिलेल्या कागदावर सही करू नका.

कलम १४९ प्रमाणे कंपनीनं प्रस्ताव न्यायाधिकरणासमोर ठेवायचा असतो. मान्य केला तर तिथं नोंद होते आणि नोंद मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. नाकारला तर सुनावणी होते, हक्क जात नाही. मात्र अर्ज अपघातापासून ६ महिन्यांच्या आत करा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत मदतीची चौकशी करा.

स्वाध्याय

१) वरच्या उदाहरणात क्षमता २०% घटली तर रक्कम किती?
२) बिलं, पगाराचा पुरावा, एफआयआरची प्रत हे कागद का जपावेत?

उत्तरं घरच्यांसोबत बसून काढा. वेळ आली तर घरात एकाला तरी हे माहीत असलं पाहिजे.