ऊसगाडी बंद पडल्यास ड्रायव्हरच्या तासांची नोंद
सभासद बंधूंनो, भिगवणजवळ रात्री एक्सल तुटला की आपण विचारतो, माझ्या उसाचं काय? रास्तच आहे, तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गाळपास जावा, नाहीतर वजन व उतारा दोन्ही घटतात. पण ड्रायव्हरचे तास? गाडी कोठे, किती वाजता बंद पडली, केव्हा चालू झाली, हे वहीत जागच्या जागी लिहावे. जॅक लावून, गाडी राखत काढलेली रात्र ही ड्यूटीच. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात रोज ८ तासांची मर्यादा होती. बिघाडात जादा कामास मुभा होती, तास पुसायला नव्हे! काहीजण ‘विश्रांती’ लिहून त्यालाच पहाटे दुसऱ्या खेपेला धाडतात. तेव्हा ठेकेदाराकडे बदली ड्रायव्हर मागा, नाहीतर ऊस दुसऱ्या गाडीत भरून घ्या.