कुकडीच्या काठाने चालताना : काळा खडक आणि पांढरट राख

परिसर अभ्यासाच्या तासाला आपण सांगतो, "आपला काळा दगड ज्वालामुखीतून आला." मुलं लगेच वहीत टोकदार डोंगर आणि वर धूर काढतात. आपल्याकडे तसं झालं नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा थरावर थर पसरत गेला. विहीर खणताना लागतो तो बेसाल्ट हाच.

पारगाव तर्फे आळे भागातल्या शाळांना बोरी बुद्रुकचा नदीकाठ फार लांब नाही. काठाने चालताना दरड नीट बघायला सांगा. तळाला काळा खडक, त्यावर गोटे-वाळू, वर पिवळसर गाळमाती. यातच मधे फिकट, पिठासारखी मऊ राख दिसते. ती आपल्या ज्वालामुखीची नाही! सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावर टोबा ज्वालामुखीचा महाप्रचंड स्फोट झाला. तीन हजार किलोमीटरहून लांबून ही राख वाऱ्याबरोबर आली, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

१९८०च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी या राखेचा अभ्यास सुरू केला. इथे आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडीही सापडल्या. एका मोजणीत राखेचं वय जवळपास १४ लाख वर्षं आलं होतं, त्यामुळे वाद बराच रंगला. राखेचं वय बदललं की हातकुऱ्हाडींचंही बदलतं ना! मुलांना हा वाद जरूर सांगा. पुस्तकात आयतं उत्तर मिळतं, त्यामागची भांडणं कधी दिसतच नाहीत.

नेण्याआधी येडगाव धरणातून आवर्तन सुटलंय का, ते विचारून घ्या. दरडीच्या अगदी खाली कुणाला उभं करू नका. राख खिशात भरून आणू देऊ नका, तीस मुलांच्या तीस मुठी म्हणजे थोडी नाही होत. फोटो पुरे.

शाळेत आल्यावर दोरी घ्या. एक मिलिमीटर म्हणजे हजार वर्षं. टोबाची खूण ७.४ सेंटिमीटरवर, वादातलं दुसरं वय १ मीटर ४० सेंटिमीटरवर. आणि आपला काळा दगड? ६६ मीटरवर. दोरी बहुतेक शाळांच्या फाटकाबाहेर जाते, तेव्हा रस्त्यावर एक शिक्षक उभा ठेवा.