घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे



सदलग्याच्या शिवारात, दूधगंगेच्या काठी, उसाला पाणी पाजण्याची पाळी पुष्कळदा रात्री येते. राबून आलेला माणूस अंथरुणाला पाठ टेकताच घोरू लागला, की घरची माणसे म्हणतात, "दमल्यात, कशी गाढ झोप लागलीया बघा!" हा समज नेहमीच खरा नसतो. काही घोरणाऱ्यांची झोप मुळीच गाढ नसते. उलट त्या झोपेतच त्यांचा रक्तदाब चढत असतो. तो कसा, हे आज पाहू.

श्वास का अडतो?

नदीवरच्या मोटारीला ओढीच्या बाजूने आपण कडक पाइप लावतो. तेथे मऊ पाइप लावला, तर मोटार पाणी ओढू लागताच तो आतल्या आत चिकटतो. आपला घसा हा असाच मऊ पाइप आहे. जागेपणी स्नायू तो उघडा ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. मानेभोवती चरबी असेल, टॉन्सिल मोठे असतील, दारू घेतली असेल किंवा माणूस उताणा झोपला असेल, तर श्वास ओढताना घसा चिकटतो. थोडा चिकटला तर घोरणे, पूर्ण चिकटला तर श्वास बंद. श्वास असा १० सेकंद किंवा अधिक वेळ थांबतो आणि रात्रभर पुनःपुन्हा थांबतो. या विकाराला डॉक्टर 'स्लीप ॲप्निया' म्हणतात.

रक्तदाबाशी संबंध

निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत १० ते २० टक्क्यांनी उतरतो. हृदयाला व रक्तवाहिन्यांना तेवढाच विसावा. परंतु श्वास अडला की रक्तातील प्राणवायू घटतो. मेंदू क्षणभर जागा होऊन धोक्याचा इशारा देतो. रक्तवाहिन्या आवळतात, दाब एकदम उसळतो आणि माणूस धडपडून श्वास घेतो. सकाळी त्याला काहीच आठवत नाही. तीव्र विकारात हे एका रात्रीत शेकडो वेळा घडते. मग दाब रात्री उतरत नाही आणि हळूहळू दिवसाही चढाच राहतो.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे ७०९ माणसांची तपासणी करून चार वर्षांनी ती पुन्हा करण्यात आली. त्याचा अहवाल २००० साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा श्वास तासाला १५ किंवा अधिक वेळा अडत होता, त्यांना उच्च रक्तदाब असण्याची शक्यता श्वास मुळीच न अडणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळली. वजन, वय, दारू व तंबाखू यांचा फरक हिशेबात धरूनही हा संबंध टिकला.

हा विकार परदेशापुरताच नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी केली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीनुसार सुमारे पाचांत एकाचा श्वास झोपेत बिघडत होता.

ओळखावे कसे?

१. मोठ्याने घोरणे, मध्येच शांतता, मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास.
२. सकाळी डोके जड, तोंड कोरडे. रात्री वारंवार लघवीला उठणे.
३. पुरेसे झोपूनही दिवसा डुलक्या. गळीत हंगामात ट्रॅक्टरवर अशी डुलकी लागली, तर जिवाशी गाठ.
४. गोळ्या नियमित घेऊनही रक्तदाब न उतरणे.

पाळी थांबलेल्या स्त्रियांतही हा विकार वाढतो. त्यांचे घोरणे कमी असते आणि सततचा थकवाच पुढे येतो, म्हणून तो कामाचा शीण समजून सोडून देऊ नये.

उपाय

वजन जास्त असेल तर कमी करावे. कुशीवर झोपावे. दारू सोडावी, तंबाखूही सोडावी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोपेची गोळी घेऊ नये. तिने घसा आणखी सैल पडू शकतो. विकाराची खात्री झोपेच्या तपासणीने होते. बेळगाव, कोल्हापूरसारख्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांत तिची चौकशी करावी.

विकार तीव्र असल्यास डॉक्टर 'सीपॅप' यंत्र देतात. त्याची पद्धत सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली जगापुढे मांडली. आपला चपटा डिलिव्हरी पाइप पाण्याच्या दाबाने फुगून उघडा राहतो. तसाच मुखवट्यातून येणाऱ्या हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. त्याने झोप सुधारते. रक्तदाब मात्र सरासरीने थोडाच उतरतो. म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रोग्याला स्वतःचा अडलेला श्वास दिसत नाही. तो पाहते शेजारी झोपलेले माणूस. डॉक्टर नुसता दंडाला पट्टा बांधून दाब मोजतील. रात्रीची हकीकत त्यांना कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. म्हणून पुढच्या खेपेस घरधन्याबरोबर घरधनिणीनेही दवाखान्यात जावे आणि न लाजता सांगावे, "डॉक्टर, ह्यांचा श्वास रात्री मध्येच थांबतो." ते एक वाक्य कधी कधी नव्या गोळीपेक्षा अधिक उपयोगी पडते.