मैदानावरील विमान

संक्रांत जवळ आली, की भंडारा जिल्ह्यातील गावांवरचे आकाश पतंगांनी भरून जाते. धान कापून झालेले असते, बांध्या मोकळ्या झालेल्या असतात आणि मुलांचे डोळे दिवसभर वर लागलेले असतात. पतंग आकाशात असतो. परंतु त्याचा दोर रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांच्या मधूनच वर गेलेला असतो. नायलॉनच्या मांजाने कित्येक वाटसरूंचे गळे कापले, कित्येक पक्ष्यांचे पंख छाटले. अखेर राष्ट्रीय हरित अधिकरणाने 2017 साली अशा मांजावर देशभर बंदी घातली. ज्यांना इजा झाली, ते पतंग उडवीत नव्हते. ते आपापल्या कामाला निघालेले होते. खेळ आकाशात चालला, तरी त्याचे बरेवाईट फळ जमिनीवरच्या माणसाला मिळते, एवढे यावरून ध्यानात येते. विजेवर चालणारे आणि रेडिओ-लहरींनी हाकले जाणारे छोटे विमान उडविताना तर हे कधीच विसरून चालत नाही. कारण या विमानाला दोरसुद्धा नसतो.

हा खेळ वाटतो तितका नवा नाही. अमेरिकेत वॉल्टर गुड आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी 1937 साली रेडिओ-लहरींच्या साहाय्याने एक छोटे विमान यशस्वीपणे उडविले. त्याचे इंजिन पेट्रोलवर चालत असे. पुढे इंग्लंडात कर्नल टॅपलिन यांनी 1957 साली विजेच्या मोटारीवर असे विमान उडवून दाखविले. परंतु त्या काळच्या विद्युत्‌घटांचे वजन फार असे. म्हणून विजेचे विमान पुष्कळ वर्षे मागेच राहिले. हलके आणि शक्तिमान असे लिथियमचे घट मिळू लागले, तेव्हा हा खेळ सर्वांच्या आटोक्यात आला. आपल्या देशात राष्ट्रीय छात्रसेनेची हवाई शाखा 1950 साली सुरू झाली. त्या शाखेतील छात्रांना विमानाच्या प्रतिकृती तयार करण्याचे व त्या उडविण्याचे शिक्षण दिले जाते. भंडाऱ्याच्या शेजारी नागपुरातही छात्रसेनेचे हवाई पथक आहे.

या विमानाची रचना समजण्यास कठीण नाही. उडविणाऱ्याच्या हातात एक प्रक्षेपक असतो. त्याला मुले सामान्यतः रिमोट म्हणतात. त्याच्या दांड्या हलविल्या, की रेडिओ-लहरींतून आज्ञा निघते. विमानातील ग्राहक ती आज्ञा घेतो आणि चिमुकल्या मोटारींकडून पंखांवरच्या व शेपटीवरच्या पट्ट्या हलवितो. पट्ट्या हलल्या, की हवेचा दाब बदलतो आणि विमान वळते, चढते किंवा उतरते. नाकावरचा फिरता पंखा त्याला पुढे ओढतो. पूर्वी दोन प्रक्षेपक एकाच लहरीवर चालू झाले, तर दोन्ही विमाने बेताल होऊन कोसळत. आजचे प्रक्षेपक बहुधा 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतात, आणि प्रत्येक ग्राहक आपल्याच प्रक्षेपकाची आज्ञा ओळखतो. त्यामुळे तो धोका पुष्कळ कमी झाला आहे. पण चालकाच्या हातून होणारी चूक कोणतीही लहर टाळू शकत नाही.

फेसाळ प्लॅस्टिकचे हलके विमान पाहून ते निरुपद्रवी वाटते. थोडे गणित केले, तर हा भ्रम दूर होतो. एक किलोग्रॅम वजनाचे विमान सेकंदाला 15 मीटर, म्हणजे ताशी 54 किलोमीटर वेगाने जात आहे, असे समजू. त्याच्या धडकेत जी ऊर्जा असते, ती साडेअकरा मीटर उंचीवरून, म्हणजे जवळजवळ चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून, एक किलोग्रॅमची वस्तू खाली पडावी इतकी असते. वेग दुप्पट झाला, तर ही ऊर्जा चौपट होते. फिरत्या पंख्याचेही तसेच आहे. 25 सेंटीमीटर व्यासाचा पंखा मिनिटाला 8000 फेरे घेत असेल, तर त्याचे टोक ताशी सुमारे 375 किलोमीटर वेगाने फिरते. अशा वेळी तो डोळ्यांना दिसतही नाही; पण बोट त्यात गेले, तर हाडापर्यंत जखम होते. म्हणून घट जोडलेला असताना पंख्याच्या समोर किंवा त्याच्या पातळीत कोणीही उभे राहू नये. मोटार बंद दिसत असली, तरी ती चालू आहे असेच मानावे.

आता जागेचा विचार करू. सेकंदाला 10 मीटर जाणारे सावकाश विमानसुद्धा क्रिकेटच्या खेळपट्टीएवढे अंतर 2 सेकंदांत तोडते. घसरगुंडी आणि झोपाळे असलेल्या छोट्या उद्यानात त्याला वळायलाही जागा मिळत नाही. त्याला मोठे, मोकळे मैदान पाहिजे. जवळ वर्दळीचा रस्ता, विजेच्या तारा किंवा शाळा नसावी. मैदान नगरपरिषदेचे असो वा ग्रामपंचायतीचे, आधी परवानगी घ्यावी. धान कापल्यावर बांधी रिकामी दिसते. परंतु तिच्यात पुष्कळदा लाखोळी पेरलेली असते. तेव्हा शेतमालकाला विचारल्यावाचून तेथेही पाय ठेवू नये.

सार्वजनिक मैदानावर पहाटे वृद्ध माणसे फिरावयास येतात, मुले चेंडू खेळतात, कोणी गुरे घेऊन जातो. मैदानावर या साऱ्यांचा हक्क विमान उडविणाऱ्याइतकाच आहे. विमान उडविणाऱ्याने धोका जाणून पत्करलेला असतो. फिरावयास आलेल्या आजोबांनी तो पत्करलेला नसतो. म्हणून वर्दळ कमी असेल अशी वेळ निवडणे आणि मैदान भरू लागले की विमान उतरविणे, हे उडविणाऱ्याचे काम होय. कबड्डीच्या मैदानावर आखतात तशी चुन्याची एक रेषा आखावी. उडविणारा आणि प्रेक्षक रेषेच्या एका बाजूला. विमान सदैव दुसऱ्या बाजूला. माणसांपासून ते निदान 30 मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची सुमारे 40 पावले, दूर ठेवावे, आणि कोणाच्याही डोक्यावरून नेऊ नये. उडविणाऱ्याचे डोळे विमानावर खिळलेले असतात. मैदानात कोण शिरले, हे त्याला दिसत नाही. यासाठी एक सोबती शेजारी उभा करावा. मैदानात कोणी येताच त्याने मोठ्याने सांगावे, आणि उडविणाऱ्याने ते ताबडतोब ऐकावे.

उड्डाणापूर्वीची तपासणी कधीही गाळू नये. पंख घट्ट बसले आहेत काय, पट्ट्या योग्य दिशेने हलतात काय, विमानाचा तोल ठरलेल्या जागी आहे काय, हे क्रमाने पाहावे. प्रथम प्रक्षेपक चालू करावा आणि मग विमानाचा घट जोडावा. उड्डाण संपल्यावर हा क्रम उलटा करावा: आधी घट काढावा, मग प्रक्षेपक बंद करावा. असे केल्याने घट जोडलेले विमान आज्ञेवाचून कधीच राहत नाही. लहर तुटल्यास मोटार आपोआप थांबावी, अशी योजनाही आधीच करून ठेवावी. विमान वाऱ्याच्या समोर उडवावे आणि वाऱ्याच्या समोरच उतरवावे. म्हणजे ते जमिनीच्या मानाने सावकाश येते.

नव्या माणसाची सर्वांत मोठी फसगत दिशेच्या बाबतीत होते. विमान दूर जात असताना त्याचा डावा हात तोच उडविणाऱ्याचा डावा हात असतो. तेच विमान वळून समोर येऊ लागले, की डावे-उजवे उलटते. घाईत मनुष्य नको त्या बाजूला दांडी ढकलतो आणि विमान जमिनीवर आदळते. यावर जुन्या जाणत्यांची एक युक्ती आहे. समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला दांडी हलवावी. तो पंख वर उचलला जातो. हा सराव प्रथम संगणकावर आणि नंतर अनुभवी माणसाजवळ उभे राहून करावा.

लिथियमचा घट हा या खेळातील दुसरा अग्नी होय. तो दाबला गेला, त्याला भोक पडले किंवा तो अधिक भारला गेला, तर पेट घेतो. एका घटाचा दाब 4.2 व्होल्टच्या वर नेऊ नये. त्याच्याचसाठी असलेल्या भारकाने, फरशीवर किंवा दगडावर ठेवून, मोठ्या माणसाच्या देखत तो भारावा. तणसीच्या ढिगाजवळ, अंथरुणावर किंवा रात्री सर्व झोपले असता तो भारण्यास लावू नये. भंडाऱ्याच्या कडक उन्हाळ्यात बंद गाडीत घट ठेवणेही घातक आहे. फुगलेला घट पुन्हा कधीही वापरू नये.

सरकारनेही या उड्डाणांना मर्यादा घातल्या आहेत. केंद्र सरकारने 25 ऑगस्ट 2021 रोजी ड्रोन नियम प्रसिद्ध केले. त्यांत खेळासाठी व शिक्षणासाठी उडविल्या जाणाऱ्या प्रतिकृती-विमानांचा उल्लेख आहे. ती डोळ्यांना दिसतील इतक्याच अंतरात उडवावयाची असतात. आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे विभाग नकाशात दाखविले आहेत. लाल विभागात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून उड्डाण करता येत नाही. भंडारा तालुक्यात जवाहरनगर येथे आयुध निर्माणी आहे. कोका आणि नागझिरा येथे वन्य प्राण्यांची अभयारण्ये आहेत. अशा ठिकाणांच्या आसपास विमान नेण्याचा विचारही करू नये. उड्डाणापूर्वी मोठ्या माणसांच्या मदतीने नकाशा व चालू नियम पाहून घ्यावेत.

एवढी काळजी घेऊनही एखादा कठीण क्षण येतो. समजा, विमान उतरावयास आले आहे, घट संपत आला आहे आणि तोच चेंडूमागे धावत एक लहान मूल रेषा ओलांडून मैदानात शिरले. विमान वाचवावयाचे, तर ते मुलाजवळूनच न्यावे लागणार. कित्येक महिने पैसे जमवून आणि रात्री जागून ते विमान तयार केलेले असते. मन क्षणभर अडखळते. परंतु येथे विचार करण्यासारखे काही नाही. मोटार तत्काळ बंद करावी आणि विमान मोकळ्या बाजूच्या झुडपांत पडू द्यावे. मोडलेला पंख आठ दिवसांत पुन्हा जोडता येतो. हा निर्णय त्या क्षणी सुचत नाही. तो उड्डाणापूर्वीच मनाशी पक्का केलेला असावा लागतो.

पडलेले विमान परत आणतानाही हाच विवेक हवा. ते विजेच्या तारांत अडकले, तर काठीने काढू नये. वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांना कळवावे. भंडारा हा तलावांचा जिल्हा आहे. विमान तलावात किंवा वैनगंगेच्या पात्रात पडले, तर त्याच्यामागे पाण्यात उतरू नये. विमानासाठी कोणाही मुलाने जीव धोक्यात घालणे योग्य नव्हे.

जो चालक गर्दी पाहून विमान पेटीतच ठेवतो आणि मुकाट्याने घरी परततो, त्याचे त्या दिवशी कोणी कौतुक करीत नाही. पण अशाच चालकांमुळे मैदानाचे दार या खेळासाठी उघडे राहते, आणि फिरावयास आलेले आजोबा दुसऱ्या दिवशी निर्धास्तपणे थांबून त्याचे विमान पाहतात.

स्वाध्याय

1. नायलॉनच्या मांजाचे उदाहरण या पाठात कशासाठी दिले आहे?
2. प्रक्षेपक व घट चालू-बंद करण्याचा क्रम सांगा. तो तसाच का असावा?
3. विमानाचा वेग दुप्पट झाल्यास धडकेतील ऊर्जा किती पट होते?
4. ‘हा निर्णय त्या क्षणी सुचत नाही’, या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
5. तुमच्या गावातील एखाद्या मैदानाचा नकाशा काढा. त्यात विमान उडविण्याची रेषा कोठे आखाल, ते दाखवा व कारण लिहा.