चर्चच्या भिंती काय सांगतात?

दरवर्षी 9 नोव्हेंबर रोजी ख्रिस्तसभा रोममधील लॅटरन बॅसिलिकेच्या समर्पणाचा सण साजरा करते. हा दिवस रविवारी आला तर सामान्यकाळातील रविवारची उपासना बाजूला ठेवून ह्या सणाची मिस्सा अर्पण केली जाते. 2025 साली तसेच झाले. अशा वेळी अनेक भाविकांच्या मनात एक प्रश्न येतो. संतांचा सण आपण समजू शकतो, पण एका इमारतीचा सण कशासाठी? आणि तीही अशी इमारत, जी आपल्यापैकी बहुतेकांनी फोटोतही नीट पाहिलेली नाही!

उपासनेच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे. लॅटरन हे रोमच्या बिशपांचे, म्हणजेच पोपमहाशयांचे कॅथेड्रल आहे. (अनेकांना वाटते की तो मान सेंट पीटर्सचा आहे. तसे नाही.) म्हणून ते साऱ्या ख्रिस्तसभेचे मातृमंदिर मानले जाते. परंतु ह्या लेखात आपण थोड्या वेगळ्या वाटेने जाणार आहोत. आज लॅटरनमध्ये शिरणाऱ्या यात्रेकरूला दिसतो तो मुख्यतः 17व्या शतकातील सजावटीचा सभामंडप आणि बाहेर 18व्या शतकातील दर्शनी भाग. सम्राट कॉन्स्टन्टाईनने 4थ्या शतकाच्या आरंभी बांधलेले मूळ मंदिर ह्या सगळ्याच्या आत आणि खाली लपलेले आहे. ते कसे होते, किती मोठे होते, त्यात भाविक कुठे उभे राहत, हे आज आपण बऱ्याच खात्रीने सांगू शकतो. हे ज्ञान आपल्याला देण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते रिचर्ड क्राउटहायमर ख्रिस्ती नव्हते. ते ज्यू होते.

क्राउटहायमर यांचा जन्म 1897 साली जर्मनीतील फ्यूर्ट ह्या गावी झाला. पहिल्या महायुद्धात ते जर्मनीच्या बाजूने लढले. परत आल्यावर कायद्याचा अभ्यास सुरू केला, पण मन रमले ते कलेच्या इतिहासात. डॉक्टरेटसाठी त्यांनी विषय निवडला तो जर्मनीतील फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन ह्या भिक्षुसंघांच्या चर्चेसचा. त्यानंतरचे पुस्तक मध्ययुगातील सिनेगॉगवर होते. म्हणजे पंचविशी-तिशीतच हा तरुण दोन धर्मांची प्रार्थनामंदिरे एकाच बारकाईने न्याहाळत होता. मारबुर्गच्या विद्यापीठात तो शिकवू लागला होता. सगळे सुरळीत चालले होते.

1933 साली नाझी सत्तेवर आले. देशासाठी रणांगणावर उतरलेल्या ह्या माणसाला केवळ ज्यू म्हणून देश सोडावा लागला. ते आणि त्यांच्या पत्नी ट्रूड (त्याही कलेच्या अभ्यासक होत्या) प्रथम रोमला आले. तेथून 1935 साली अमेरिकेत गेले. लुईव्हिल, मग व्हॅसर कॉलेज आणि 1952 पासून न्यूयॉर्क विद्यापीठाची ललितकला संस्था, असा त्यांचा अध्यापनाचा प्रवास झाला. परंतु एक काम त्यांनी ह्या सगळ्या धावपळीत हातातून सुटू दिले नाही. रोम शहरातील 4थ्या ते 9व्या शतकांतील प्रत्येक चर्चची मोजमापे घेऊन त्याचा संपूर्ण वृत्तांत प्रसिद्ध करायचा, हे ते काम. पोप अकरावे पायस यांनी 1925 साली स्थापन केलेल्या ख्रिस्ती पुरातत्त्वविद्येच्या परमधर्मपीठीय संस्थेने ते प्रकाशित केले. पहिला खंड 1937 चा, पाचवा आणि शेवटचा 1977 चा. मध्ये चाळीस वर्षे गेली! स्पेन्सर कॉर्बेट, वोल्फगांग फ्रांक्ल आणि आल्फ्रेड फ्रेझर हे त्यातील सहकारी. लॅटरन आणि जुने सेंट पीटर्स ह्यांचा विचार शेवटच्या खंडात आला.

हे काम चालते कसे, हे थोडे समजून घेऊ या, कारण त्यातच खरी गंमत आहे. जुन्या चर्चवर बांधकामाचे साल लिहिलेले असतेच असे नाही, आणि लिहिलेले असले तरी ते कुठल्या भागाचे हा प्रश्न उरतोच. म्हणून भिंतच वाचावी लागते. रोमचे गवंडी विटा आणि चुना वापरीत. विटा पुष्कळदा जुन्या पडक्या इमारतींतून काढून आणलेल्या असत. अभ्यासक भिंतीला पट्टी लावतो आणि पाच विटा व त्यांमधले पाच चुन्याचे थर मिळून किती सेंटिमीटर भरतात ते मोजतो. एका पिढीतील गवंडी चुना जाड थापतात, दुसऱ्या पिढीतील पातळ. एका काळात नुसत्या विटा, दुसऱ्या काळात विटांच्या एका रांगेआड दगडांची रांग. हे माप हळूहळू त्या काळाची सही बनते. मग पाहायचे ते सांधे. नवी भिंत जुन्या भिंतीला टेकते तेथे फट राहते. बुजवलेल्या खिडकीची कमान गिलाव्याखाली दिसून येते. आपल्याकडच्या कुठल्याही अनुभवी गवंड्याला हे वेगळे सांगायला नको. कुठली खोली मागाहून वाढवली हे तो एका नजरेत ओळखतो.

रोममधील संत क्लेमेंट यांचे चर्च ह्याचे उत्तम उदाहरण आहे. आज वापरात असलेले चर्च 12व्या शतकातील. त्याच्या खाली 4थ्या शतकातील चर्च. त्याच्याही खाली रोमन काळातील घरे. आयरिश डॉमिनिकन धर्मगुरू जोसेफ मुलूली यांनी 1857 साली खोदायला सुरुवात केली, तोपर्यंत वरच्या चर्चलाच लोक मूळ प्राचीन चर्च समजत होते. शेकडो वर्षे भाविक त्या फरशीवर गुडघे टेकत होते आणि आपल्या पायाखाली आणखी एक वेदी आहे हे कुणाला ठाऊक नव्हते.

येथे आम्हांला एक गोष्ट जाता जाता सांगावीशी वाटते. आपल्याकडे चर्चची दुरुस्ती किंवा नूतनीकरण निघाले की पहिल्यांदा पडतो तो जुना गिलावा, आणि त्याबरोबर बरेच काही कायमचे जाते. काम थांबवा असे कुणी म्हणणार नाही. पण हातोडा पडण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून, टेप लावून मापे वहीत लिहून ठेवायला एक दिवस पुरतो.

आता लॅटरनकडे वळू या. फरशीखाली सापडलेले पाये आणि उरलेल्या भिंती ह्यांवरून क्राउटहायमर आणि कॉर्बेट यांनी कॉन्स्टन्टाईनचे मंदिर कागदावर पुन्हा उभे केले. जवळपास 100 मीटर लांब, मध्ये उंच मंडप आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन दालने. हा आकार मूर्तिपूजकांच्या देवळाचा नाही. रोमन देऊळ हे देवाच्या मूर्तीचे घर असे. यज्ञाची वेदी बाहेर अंगणात आणि लोकही बाहेरच. ख्रिस्ती लोकांना तर सर्वांनी एकत्र आत जमून देवशब्द ऐकायचा होता आणि भाकर मोडायची होती. म्हणून त्यांनी देवळाचा नव्हे, तर न्यायनिवाडे आणि लोकसभा भरत त्या सार्वजनिक सभागृहाचा, बॅसिलिकेचा, नमुना घेतला. आणि हे मंदिर शहराच्या मध्यभागी का नाही? जागा सम्राटाच्या अखत्यारीतील होती, तेथे पूर्वी घोडदळाच्या रक्षकांची छावणी होती. क्राउटहायमर यांच्या मते शहराच्या मध्यभागी असलेल्या जुन्या देवळांशेजारी चर्च उभारून रोमच्या मूर्तिपूजक उमरावांना दुखवायचे सम्राटाने टाळले. श्रद्धेच्या इतिहासात असले राजकीय हिशेबही असतात. ते लपवण्याचे कारण नाही.

दुसऱ्या महायुद्धात ह्या विद्येला एक अनपेक्षित काम मिळाले. क्राउटहायमर अमेरिकेच्या गुप्तवार्ता विभागात विमानातून घेतलेली रोमची छायाचित्रे तपासत होते, हेतू हा की बॉम्बफेकीत ऐतिहासिक वास्तू शक्य तितक्या वाचाव्यात. जे शहर त्यांनी वीत-वीत मोजले होते, त्याच शहरावर आता वरून नजर ठेवायची! तरीही 19 जुलै 1943 रोजी दोस्तराष्ट्रांच्या विमानांनी सान लोरेंझो भागातील रेल्वे यार्डावर बॉम्ब टाकले, तेव्हा शेजारचे संत लॉरेन्स यांचे प्राचीन चर्च सापडले. दर्शनी भाग आणि छप्पर कोसळले. त्याच दिवशी पोप बारावे पायस त्या वस्तीत लोकांमध्ये जाऊन उभे राहिले. युद्धानंतर चर्च पुन्हा उभे राहिले, आणि क्राउटहायमर यांनी सहकाऱ्यांसह तेथे उत्खनन केले. आजच्या चर्चला लागूनच 4थ्या शतकातील एक भलीमोठी बॅसिलिका जमिनीखाली असल्याचे त्यातून सिद्ध झाले. हुतात्म्याच्या कबरीजवळ आपल्यालाही मूठमाती मिळावी म्हणून भाविक तेथे आपले मृत पुरत असत.

युद्ध चालू असतानाच, 1942 साली, त्यांनी एक लेख लिहिला. मोठ्या खंडांपेक्षा आम्हांला तो अधिक मोलाचा वाटतो. प्रश्न साधा होता. मध्ययुगात युरोपात ठिकठिकाणी जेरुसलेममधील पवित्र कबरेच्या चर्चच्या ‘प्रतिकृती’ बांधल्या गेल्या. जर्मनीत फुल्डा आणि पाडरबोर्न येथे, इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे आणि इतरत्रही. पाडरबोर्नच्या बिशपांनी तर 1033 च्या सुमारास एका मठाधिपतीला खास मापे आणायला जेरुसलेमला धाडले होते. पण ही सारी चर्चेस शेजारी-शेजारी ठेवून पाहिली तर ती एकमेकांसारखी दिसत नाहीत, आणि मूळ चर्चसारखीही नाहीत! एक गोल, दुसरे अष्टकोनी. जेरुसलेमच्या गोलाकार मंदिरात आठ चौकोनी आणि बारा गोल असे खांब होते. प्रतिकृतींत कुठे आठच, कुठे बाराच. मग हे गवंडी अडाणी होते काय?

नव्हते, असे क्राउटहायमर यांचे उत्तर. त्या काळी प्रतिकृती म्हणजे हुबेहूब नक्कल नव्हे. आकार गोलसर असावा, खांबांची संख्या अर्थपूर्ण असावी, एखादे माप तेथून आणलेले असावे आणि नाव तेच असावे. एवढ्याने तेथे प्रार्थना करणाऱ्याचे मन प्रभूच्या रिकाम्या कबरेपाशी पोहोचत असे. जो शेतकरी जन्मात जेरुसलेमला जाऊ शकणार नव्हता, त्याच्यासाठी जेरुसलेम गावात आले होते. आपल्या कित्येक चर्चच्या आवारातील लूर्दमातेची गुंफा आठवून पाहा. सिमेंटचे खडक, निळा रंग, एखादी तुळशीएवढी कुंडी. फ्रान्समधील खऱ्या गुंफेशी तिचे साम्य बेताचेच असते. तरीही तेथे मेणबत्ती लावणाऱ्या आजीला आपण लूर्दला आहोत की नाही हा प्रश्न पडत नाही.

त्याच लेखात त्यांनी स्नानसंस्काराच्या इमारतींचाही विचार केला. प्राचीन काळी स्नानसंस्कारासाठी चर्चशेजारी वेगळी इमारत असे आणि ती पुष्कळदा गोल किंवा आठ बाजूंची असे. लॅटरनजवळची इमारत आजही उभी आहे. पोप तिसरे सिक्स्टस यांनी 5व्या शतकात तिला आजचे अष्टकोनी रूप दिले. मध्ये आठ जांभळट दगडी खांब आहेत. मिलानमध्ये संत अँब्रोज यांच्या कॅथेड्रलजवळची इमारतही अष्टकोनीच. तेथेच 387 सालच्या ईस्टरच्या रात्री संत ऑगस्टिन यांचा बाप्तिस्मा झाला. असा आकार का? क्राउटहायमर यांनी दाखवले की रोमन लोक आपल्या थोरांच्या समाध्या असल्याच आकाराच्या बांधत. म्हणजे स्नानसंस्काराचे घर समाधीसारखे बांधले गेले! हे विचित्र वाटेल, पण संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा 6वा अध्याय उघडून पाहा. स्नानसंस्कारात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले जातो आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठतो. गवंड्यांनी तो अध्याय विटांत बांधला. आणि आठ का? सृष्टीचे सात दिवस सरल्यावर येतो तो आठवा दिवस, प्रभूच्या पुनरुत्थानाचा रविवार. आजही अनेक चर्चमध्ये स्नानकुंडाला आठ बाजू असतात. पुढच्या वेळी बाळाला घेऊन उभे असाल तेव्हा मोजून पाहा.

ह्या साऱ्या अभ्यासाचा मोठा आढावा त्यांनी 1965 साली ‘प्रारंभीचे ख्रिस्ती आणि बायझंटाईन वास्तुशिल्प’ ह्या विषयावरील ग्रंथात घेतला. पश्चिमेकडील लांबट बॅसिलिका आणि पूर्वेकडील घुमटाचे चर्च ह्या दोन्ही वाटा त्यात येतात. पूर्वेकडचा मुकुटमणी म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचे, म्हणजे आजच्या इस्तंबूलचे, हागिया सोफिया. 532 ते 537 अशा अवघ्या पाच वर्षांत ते उभे राहिले, 558 साली घुमट कोसळला आणि तो पुन्हा अधिक उंच बांधण्यात आला. 1453 नंतर तेथे मशीद झाली, 1935 पासून संग्रहालय आणि 2020 पासून पुन्हा मशीद. ह्या इमारतीबद्दल बोलायचे तर वेगळा लेख लागेल.

आजचे अभ्यासक क्राउटहायमर यांचे सर्वच निष्कर्ष मान्य करीत नाहीत, आणि त्यांनाही ते अपेक्षित असावे. कारण त्याच ग्रंथाची चौथी आवृत्ती 1986 साली निघाली, तेव्हा ते 89 वर्षांचे होते आणि स्लोबोदान चुर्चिच ह्या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी स्वतःच्या मजकुरात दुरुस्त्या केल्या. पुढच्याच वर्षी ट्रूड वारल्या. निवृत्तीनंतर, 1971 पासून, क्राउटहायमर रोममधील हर्त्झियाना ह्या ग्रंथालय-संस्थेत राहत होते. ती संस्था जर्मन आहे. ज्या देशाने त्यांना हाकलले त्याच देशाच्या छताखाली, आपण मोजलेल्या चर्चेसच्या शहरात त्यांनी शेवटची तेवीस वर्षे काढली. 1 नोव्हेंबर 1994 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, वयाच्या 97व्या वर्षी रोममध्येच त्यांचे निधन झाले.