द्राक्षाच्या वेलीला थंडी किती सोसते?



आपल्या निफाड तालुक्यात थंडी पडली की जो तो विचारतो, "आज कुंदेवाडीला किती होतं?" कुंदेवाडीला गव्हाचे संशोधन केंद्र आहे. ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे आहे. तिथे तापमानाची नोंद होते. डिसेंबर २०१८ च्या शेवटच्या आठवड्यात तिथला पारा २ अंश सेल्सिअसच्याही खाली गेला होता. गव्हाला थंडी मानवते, हरभराही खूश असतो. पण द्राक्षवाल्यांच्या घरी त्या दिवसांत कोणाला नीट झोप लागत नाही.

मला एक कोडे पडले होते. फ्रान्स, इटली या देशांतही द्राक्षे होतात असे भूगोलाच्या तासाला कळले. तिथे तर कितीतरी ठिकाणी बर्फ पडतो! मग तिथली वेल मरत नाही आणि आपली वेल ४-५ अंशांनाच कशी आजारी पडते? मी गुरुजींना विचारले, घरी दादांना विचारले. दोघांच्या सांगण्यातून जे समजले ते लिहीत आहे.

तिथली वेल हिवाळ्यात झोपते. थंडी येण्याआधी तिची पाने गळतात. काडी पिकून तपकिरी होते आणि डोळे घट्ट मिटलेले असतात. अशी झोपलेली वेल शून्याच्या खाली १० ते १५ अंशांपर्यंतची थंडीसुद्धा सोसते. पुढे ऊन वाढले की ती फुटते, आणि द्राक्षे उन्हाळ्याच्या शेवटी पिकतात.

आपली वेल मात्र बारा महिने जागी. एप्रिलमध्ये आपण खरडछाटणी करतो. त्यानंतरच्या कडक उन्हात नव्या काडीच्या डोळ्यात पुढच्या घडाची तयारी होते. मग ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, ऐन थंडीत, आपल्या वेलीवर हिरवी पाने आणि वाढणारे मणी असतात. झोपलेला माणूस गोधडीत असतो, आणि कामावरचा माणूस उघड्यावर. थंडी कोणाला जास्त लागेल?

गोडी छाटणीनंतर डोळ्यांना पेस्ट लावतात ती तुम्ही पाहिली असेल. (ती विषारी असते, मुलांनी हात लावू नये.) थंड देशात डोळ्यांची झोप हिवाळाच मोडतो. आपल्याकडे ऑक्टोबरपर्यंत तशी थंडी पडतच नाही, म्हणून ते काम औषधाकडून करून घ्यावे लागते. मला ही गोष्ट फार नवलाची वाटली.

आता आकडे पाहू. वेलीला साधारण २५ ते ३० अंश तापमान सर्वांत आवडते. १० अंशांच्या खाली तिची वाढ जवळजवळ थांबते. आमचे दादा म्हणतात, "बाग उभी राहिली." म्हणजे मण्यांची फुगवण होत नाही. मणी बारीक राहिले की भाव पडतो. कोवळी हिरवी फूट तर शून्याच्या एक-दोन अंश खाली गेली तरी जळते. आणि एक गंमत अशी की मोकळ्या आभाळाच्या रात्री पान हवेपेक्षाही गार होते. म्हणून तापमापकात २ अंश दिसत असतानाही पानावरचे दव गोठू शकते.

मण्यात पाणी उतरायला लागले की दुसरेच दुखणे सुरू होते. पहाटे ६ अंश आणि दुपारी २८ अंश, असा मोठा फरक पडला की हिरव्या जातीचे मणी गुलाबी होतात. चवीत काही फरक नसतो, मी खाऊन पाहिले आहेत! पण परदेशी जाणाऱ्या मालात ते चालत नाहीत. म्हणून पाणी उतरण्याआधीच घडाला कागद गुंडाळतात. आणखी एक, मणी तडकतात. गार रात्री पानातून पाणी उडत नाही, मुळे मात्र पाणी वर देतच राहतात. मग सालीला ताण सोसत नाही. गेल्या जानेवारीत आमच्या अर्ध्या एकरातला माल असा तडकला. व्यापारी बाग पाहून गेला तो परत आलाच नाही. सोसायटीचे कर्ज त्या वर्षी फिटले नाही.

गुरुजींनी शाळेचा तापमापक दिला तेव्हा आम्ही चौघांनी पहाटे साडेसहाला तीन ठिकाणी तापमान मोजले. ओहोळाकाठच्या खोल वावरात ५ अंश, वरच्या माळावर ८ अंश. हे वाचून उलटे वाटेल, पण गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगट जागी साचते. तिसरी जागा विहीर. बादलीभर पाणी काढले तर २४ अंश! त्याची वाफ निघत होती. खोल जमिनीला हिवाळा-उन्हाळा फारसा कळत नाही.

म्हणूनच कडाक्याच्या थंडीत पहाटे ठिबक चालू करतात. विहिरीचे पाणी ऊब आणते, आणि ओली जमीन दिवसाचे ऊन कोरडीपेक्षा जास्त साठवून ठेवते. अडचण लाईटची. पहाटे लाईट नसली तर काय करणार? मग बांधावर छाटणीच्या काड्या पेटवायच्या. एक मोठा जाळ केला तर गरम हवा सरळ वर निघून जाते. त्यापेक्षा ठिकठिकाणी लहान शेकोट्या बऱ्या. लोक ओला पाला टाकून खूप धूर करतात, पण माझ्या मते उपयोग धुरापेक्षा उबेचा जास्त. शिवाय धुराने आमच्या आजीचा खोकला वाढतो.

बागलाणातले शेतकरी दुसरीच युक्ती करतात. ते छाटणी कितीतरी आधी, पावसाळ्यातच उरकतात. त्यांची बरीचशी द्राक्षे कडाक्याची थंडी पडण्याआधी तोडून होतात. भावही चांगला मिळतो. पण पावसात फूट आणि फुलोरा सांभाळायचा म्हणजे रोगाची भीती आणि औषधांचा मोठा खर्च. आमच्या दादांना विचारले तर म्हणाले, "थंडीला शेकोटी तरी पेटवता येते, पावसाला काय करशील?"

पाचवीच्या वर्गाबाहेर आम्ही रोजच्या तापमानाचा तक्ता लावला आहे. पालकांनी आपापल्या वावरातला पहाटेचा आकडा, जागा उंच की खोल ते सांगून, तिथे जरूर लिहावा.

— इयत्ता सातवी