मुलांचा अभ्यास आणि आपले घर

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. तेथे त्यांना वेगळे, गोणपाटावर बसावे लागे. पुढे मुंबईत परळच्या चाळीत खोली अपुरी. रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमरावांना अभ्यासाला उठवून स्वतः झोपत. वर्गाने नाकारलेला आत्मविश्वास घराने दिला.

आपणही रोज ठराविक वेळी मुलामुलींना अभ्यासाला बसवावे. तेवढा वेळ टीव्ही, मोबाइल बंद ठेवावा. स्वतः शिकलेले नसलो तरी ‘आजचा धडा मला समजावून सांग,’ असे म्हणावे. घरी बोलणारे मूल वर्गात प्रश्न विचारायला भीत नाही. चुकल्यास मारू नये. भगवान बुद्धांनी राहुलाला कृतीपूर्वी, कृती करताना व केल्यावर विचार करण्यास शिकविले. तशी मुलाला आपली चूक आपणच शोधू द्यावी.

जय भीम!